कुठनं आलंय?

मागच्या श्रावणात आईच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला गेले होते. पाऊस आमचा नेहमीचा, बेळगावचा, जोर कमी पण थांबायचं नाव नाही, रस्त्यावर तांबडा चिखल आणि लॅबच्या दारात ओल्या छत्र्यांचा ढीग. आत स्पिरिटचा वास आणि भिजलेल्या कपड्यांचा कुबट वास एकत्र झालेला. काउंटरवरच्या पोरानं प्रिंट काढली, माझ्या हातात दिली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. अल्कलाइन फॉस्फटेज, ३१२. शेजारी छापलं होतं की १२० पर्यंत नॉर्मल. बाकी बिलिरुबिन, एसजीपीटी, प्रोटीन सगळं जागच्या जागी. मी विचारलं, म्हणजे लिव्हरचं काहीतरी आहे का? तो जरा घुटमळला, मग म्हणाला, "अक्का, हे कुठनं आलंय ते ह्यात कळत नाही बघा. लिव्हरचं असंल, हाडाचं असंल. आकडा एकच येतोय." आणि माझ्या मागच्या म्हाताऱ्याला "बर्री" म्हणून पुढं बोलावलं.

कुठनं आलंय ते कळत नाही.

तसं मला हे माहीत नव्हतं असं नाही. लग्नाआधी सहा वर्षं मी लॅबमध्येच काम केलंय, खडेबाजारात एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, लाकडी जिना, खाली कापडाचं दुकान. हीच टेस्ट मी हातानं करायचे. सिरममध्ये रिएजंट घालायचं, घड्याळ बघायचं, आणि बघता बघता नळीत पिवळा रंग चढायचा. हा फॉस्फटेज म्हणजे एक एन्झाइम, शरीरातली रासायनिक कामं उरकणारं प्रथिन, ते जितकं जास्त तितका पिवळा गडद. काही सॅम्पल नुसते लिंबाच्या सरबतासारखे फिके, काही हळदीच्या पाण्यासारखे. त्या पिवळ्याकडे बघत मी किती दुपारी काढल्या असतील. पण त्या नळ्यांवर नंबर असायचे, माणसं नसायची. आईचं नाव वर छापलेला कागद हातात आला आणि शिकलेलं सगळं डोक्यातनं पुसलं गेल्यासारखं झालं, राहिलं ते फक्त लिव्हर, आणि लिव्हरच्या मागनं येणारा तो दुसरा शब्द, जो पुण्याहून दादानं रात्री फोनवर उच्चारलाच. त्यानं नेटवर शोधलं होतं. मी म्हणलं, दादा, थांब, जरा थांब, मला आठवू दे.

आणि मग त्या रात्री झोप येईना तेव्हा एकेक आठवायला लागलं.

आमच्या लॅबमध्ये एक वॉटर बाथ होता, स्टीलचा, कडेला थर्मामीटर बांधलेला. असा वाढलेला फॉस्फटेज आला आणि डॉक्टरांनी चिठ्ठी पाठवली की आमचे सर तो वॉटर बाथ ५६ डिग्रीवर लावायला सांगायचे. सिरम दोन नळ्यांत घ्यायचं, एक बाहेर ठेवायची, एक १० मिनिटं त्या पाण्यात बुडवायची, मग दोन्हीत परत टेस्ट करायची. हाडातनं आलेला फॉस्फटेज त्या उष्णतेत जवळजवळ सगळा मरतो. लिव्हरचा बराच टिकतो. सर म्हणायचे, हाड जळतं, लिव्हर तगतं, एवढं लक्षात ठेव. पाणी एक डिग्री इकडं तिकडं झालं की सगळं फसायचं, म्हणून ते स्वतः थर्मामीटरवर डोळा ठेवून उभे राहायचे, चष्म्यावर वाफ यायची ती पुसत. आणि १० मिनिटांनी एका नळीत तो पिवळा चढायचा आणि दुसरीत चढायचाच नाही, पाणी तसंच, नितळ. ते बघताना मला दर वेळी आत काहीतरी हलायचं. कुठल्या तरी माणसाची हाडं कुठं तरी गल्लीत, गावात दुखत असणार, आणि त्याची खबर इथं ह्या नळीत रंग न येऊन कळली.

तेव्हा मला वाटायचं की ही दोन वेगळी एन्झाइम असणार, नाव तेवढं एक. बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की तसं नाहीये. हाडाचा, लिव्हरचा आणि किडनीचा फॉस्फटेज एकाच जीनवरनं बनतो, पहिल्या क्रोमोसोमवरच्या. अमिनो आम्लांची माळ तीच, मण्याला मणी तोच. आतड्याचा आणि वारेचा, म्हणजे प्लासेंटाचा, हे मात्र खरेच निराळे, त्यांचे जीन दुसऱ्या क्रोमोसोमवर आहेत. पण हाड आणि लिव्हर ह्यांच्यात फरक आहे तो फक्त साखरेचा. प्रथिनाची माळ तयार होता होता पेशी तिच्यावर साखरेच्या छोट्या छोट्या फांद्या चढवते, मग ती माळ पेशीच्या आतल्या घड्यांघड्यांच्या कारखान्यातनं पुढं सरकत जाते आणि वाटेत तिथली एन्झाइमं त्या फांद्या छाटतात, वाढवतात, टोकाला सियालिक ॲसिड नावाची आणखी एक साखर लावतात किंवा लावत नाहीत. हाडाच्या पेशीचा हात वेगळा, लिव्हरच्या पेशीचा हात वेगळा. म्हणून माळ तीच, पण बाहेर पडताना अंगावरची नक्षी निराळी. आणि तेवढ्या नक्षीच्या फरकानं एक ५६ डिग्रीला ढासळतो आणि दुसरा तग धरतो.

हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, कुकर लावलेला, आणि मी मोबाईल हातात धरून तशीच उभी राहिले. कारण जिनोम, डीएनए, वंश, रक्त असं सगळं आपण इतकं ऐकतो की वाटतं सगळं तिथंच लिहून ठेवलंय. आणि इथं बघा, लिहिलेलं दोघांकडं एकच. ते कुठल्या घरात वाचलं गेलं त्यानं खूण बदलली. पुढं अजून एक कळलं, ह्या दोघांना ओळखायला गव्हाच्या अंकुरातलं एक प्रथिन वापरतात. त्याला साखरेच्या काही खुणा नेमक्या ओळखता येतात, ते हाडाच्या फॉस्फटेजला धरतं, लिव्हरच्याला तितकं धरत नाही. आपण गहू भिजत घालतो, मोड आणतो, त्या इवल्या अंकुरात माणसाच्या हाडाची साखर ओळखणारं काहीतरी बसलेलं आहे. मला ह्याचं अजून नवल वाटतं, आणि वाटत राहावं असंही वाटतं.

अशी एकाच कामाची, अवयवागणिक वेगळी एन्झाइमं शरीरात पुष्कळ. १९५९ मध्ये मार्कर्ट आणि म्योलर ह्यांनी त्यांना आयसोझाईम हे नाव दिलं. त्यातली काही मला पुस्तकातनं माहीत, आणि एक पुस्तकातनं नाही. बाबांना ॲटॅक आला ती रात्र. तेव्हा हृदयासाठीची ट्रोपोनिन टेस्ट आमच्याकडं सर्रास होत नव्हती, सीपीके-एमबी करायचे. सीपीके हे स्नायूंतलं एन्झाइम, हाताच्या, पायाच्या स्नायूंतही असतं, पडलं, धडपडलं, अगदी इंजेक्शन टोचलं तरी थोडं वाढतं, पण एमबी जातीचं हृदयात त्यातल्या त्यात जास्त, म्हणून तो आकडा वाढला की हृदयाचा स्नायू मरतोय असं धरायचे. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी, हातात बाबांचा चष्मा आणि त्यांचं घड्याळ रुमालात बांधलेलं, आणि डोक्यात एकच, हे स्नायूचं असू दे, देवा, संध्याकाळी त्यांनी तांदळाचं पोतं उचललं होतं, ते त्याचं असू दे. ते त्याचं नव्हतं.

त्याच्या पुढचं मी लिहिणार नाही.

पण हे "कुठनं आलंय" नेहमी भीतीचंच असतं असंही नाही. माझा पोरगा तेरा वर्षांचा असताना तापात रक्त तपासलं तर त्याचा फॉस्फटेज असाच भरपूर वाढलेला, आणि त्या डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या उंची वाढतीय हो त्याची, हाडं वाढतायत, वाढायलाच पाहिजे. त्या वर्षी त्याच्या चार पँटी आखूड झाल्या. आणि तो पोटात असताना, आठव्या-नवव्या महिन्यात, माझा स्वतःचा वाढलेला, तो वारेचा. वारेचा फॉस्फटेज सगळ्यांत चिवट, ६५ डिग्रीच्या पाण्यातही त्याला काही होत नाही. आमच्या वॉटर बाथला न जुमानणारी तेवढी एकच जात. मी ती टेस्ट दुसऱ्या बायकांच्या रक्तावर केलेली, आणि नंतर तीच गोष्ट माझ्या रक्तात फिरत होती, पोटातल्या जिवाच्या बाजूनं आलेली. बाळंत झाल्यावरही आठवडा-दोन आठवडे ती रेंगाळते, वार जाऊन पडली तरी. (१९६८ मध्ये एका फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तात असाच वारेसारखा फॉस्फटेज सापडला होता. शरीरातल्या पेशींना बिघडल्यावर जुनं, जन्माआधीचं काहीतरी आठवतं म्हणायचं. दादाच्या फोननंतर मला नेमकं हेच आठवत होतं, म्हणून कंसात.)

दुधाची गोष्ट ह्याहून सुंदर आहे. प्रथिनांवर गॅलॅक्टोज नावाची साखर चढवणारं एक एन्झाइम आपल्या जवळजवळ सगळ्या पेशींत असतं, ते आपलं निमूट फांद्यांवर गॅलॅक्टोज जोडत बसतं. बाळंतिणीच्या स्तनात मात्र एक छोटंसं प्रथिन तयार होतं, अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन, ते त्याच्या शेजारी येऊन बसतं. आणि ते बसलं की तोच कारागीर प्रथिनावर साखर चढवायचं सोडून ग्लुकोजला गॅलॅक्टोज जोडायला लागतो, त्याचं होतं लॅक्टोज, दुधातली साखर. शेजारी कोण येऊन बसलं त्यानं हातातलं काम बदललं. आई मला बाळंतपणात हळिवाची खीर करून द्यायची, पहाटे पाचला, चुलीच्या उबेत बसवून. "पी, दूध येतंय." तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं आणि ती जे करत होती ते सगळं बरोबर होतं.

तर त्या रात्री अंथरुणात पडून मी एकेक दार ठोठावत होते. वार नाही, वाढतं वय नाही. मग आतडं? इथं मला एक जुनं आठवलं आणि मी उठूनच बसले. ज्यांचा रक्तगट ओ किंवा बी असतो आणि ज्यांच्या लाळेतही तो गट उतरतो, त्यांच्यात तुपातेलाचं जेवल्यावर आतड्याचा फॉस्फटेज रक्तात चढतो. आईचा गट ओ. सकाळी उठल्या उठल्या विचारलं, आई, रक्त द्यायला गेलीस तेव्हा काही खाल्ली होतीस? म्हणाली, "छे, काय खाल्लो नव्हतो. चहा तेवढा." आणि? "आणि तो कुंदा होता की, शेजारणीनं दिलेला, तो चमचाभर." चमचाभर म्हणजे किती ते मला माहीत आहे. पण आतड्याच्या त्या फॉस्फटेजनं आकडा थोडा वर जाईल, १२० चा ३१२ होणार नाही. शिवाय त्याचा मुक्काम रक्तात काही मिनिटांचाच. कारण त्याच्या साखरेच्या टोकांवर सियालिक ॲसिडची टोपी नसते. हे कसं कळलं त्याची गोष्ट ॲशवेल आणि मोरेल ह्या दोघांची. त्यांनी रक्तातल्या एका प्रथिनावरचं सियालिक ॲसिड काढून ते सशांना टोचलं, तर जे प्रथिन एरवी कितीतरी तास फिरत राहायचं ते बघता बघता रक्तातनं नाहीसं झालं, आणि सापडलं लिव्हरमध्ये. टोपी उडाली की खालची गॅलॅक्टोज उघडी पडते, आणि ती ओळखून आत ओढून घेणारे हात लिव्हरच्या पेशींवर असतात. म्हणजे शरीर स्वतःच ही साखरेची अक्षरं वाचतं. आमच्या वॉटर बाथच्या कितीतरी आधीपासून वाचतंय.

रक्तगट म्हणजे तरी काय, साखरच. लाल पेशीवरच्या फांदीच्या टोकाला गॅलॅक्टोज असली तर बी, तिचीच थोडी बदललेली बहीण असली तर ए, काहीच नसलं तर ओ. ती साखर लावणारी जी दोन एन्झाइमं, ए वालं आणि बी वालं, त्यांच्यात चार अमिनो आम्लांचा फरक. चार. त्यावर कोण कुणाला रक्त देऊ शकतं आणि कुणाच्या रक्तानं कोण मरतं ते ठरतं. आणि आपल्याकडचा तो बॉम्बे ब्लड ग्रुप, १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला, त्या लोकांत तर ए-बीच्या आधीची पायरीच नसते, फ्यूकोज नावाची साखर बसलेलीच नसते, मग वर ए बसणार कशावर. साध्या टेस्टला ते ओ दिसतात, पण त्यांना ओ चालत नाही, त्यांना फक्त त्यांचंच चालतं. लॅबमध्ये सर आम्हाला हे दर वर्षी परत परत सांगायचे, दिसतंय तेवढ्यावर जाऊ नका म्हणून.

दिसतंय तेवढ्यावर, ऐकू येतंय तेवढ्यावर. आम्हा सीमाभागातल्या लोकांना "कुठले तुम्ही" हे इतक्यांदा विचारलं जातं की त्या प्रश्नाची चव तोंडात बसलीय. दादाच्या पुण्याच्या घरी गेले होते तेव्हा भाजीवालीला म्हणलं, मावशी, पिशवी राहू दे, मी येतो परत. ती थांबली, बघितलं माझ्याकडं, म्हणाली, कोल्हापूर का बेळगाव? बाई असून येतो, जातो, खातो, त्यावरनं. मी लिहिताना येते-जाते लिहिते, शाळेत तसंच शिकलो आम्ही, पण घरात, आईशी, भांडताना, रडताना येतोच. इकडं बँकेत गेलं की माझ्या कन्नडवरनं कळतं की ही मराठी. तिकडं माझ्या मराठीवरनं कळतं की हिला कन्नड येत असणार. शब्द तेच, व्याकरणाच्या पुस्तकातली माळ तीच, पण आमच्या घराच्या हातानं चढवलेली साखर निराळी, आणि ती ऐकणाऱ्याच्या कानाला आधी लागते, अर्थ नंतर पोचतो. मला त्याचं वाईट वाटायचं पूर्वी, कॉलेजात असताना मी ती घासून काढायचा प्रयत्नही केला. आता नाही वाटत. ती काढली तर मी कुठं जाऊन पडेन कोण जाणे.

पण आईचं राहिलं.

आमच्या नेहमीच्या ठिकाणी दाखवलं तिथं गर्दी होती, कागद बघितला आणि सोनोग्राफी लिहून दिली, लिव्हरची. केली. लिव्हर स्वच्छ, पित्ताशयात खडाही नाही. त्यांनी म्हणलं, मग महिन्यानं परत बघू. महिना मला काढवेना. माझी जुनी मैत्रीण, जी अजून लॅबमध्येच आहे, ती म्हणाली अगं आधी जीजीटी कर, साधी टेस्ट आहे, ती लिव्हरमध्ये वाढते, हाडात वाढत नाही. केली. नॉर्मल. म्हणजे लिव्हरचं दार बंद झालं. मग एका वयस्कर डॉक्टरांकडं नेलं, टिळकवाडीतच बसतात, पंखा घरघरणारा, टेबलावर काच आणि काचेखाली देवाचे फोटो. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि आईला म्हणाले, काकू, जरा खुर्चीतनं उठा बघू, हात न टेकता. आई उठायला गेली आणि उठता येईना. दोन्ही हात मांडीवर दाबून, एकेक टप्प्यानं, जशी ती वर्षभर उठत होती तशी उठली. मग त्यांनी खाली वाकून तिच्या नडगीच्या हाडावर अंगठा दाबला. हळूच दाबला, मी बघत होते. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"इथं दुखतंय?"

"तिथंच दुखालंय."

व्हिटॅमिन डी ७ निघालं. वीसच्या वर तरी पाहिजे. त्यामुळं हाडं मऊ झाली होती, त्यांत चुना भरत नव्हता. आणि इथं तो फॉस्फटेज का वाढतो तेही मला नीट समजलं, इतकी वर्षं ती टेस्ट करून न समजलेलं. हाड बांधणाऱ्या पेशी आधी प्रथिनाचा सांगाडा घालतात आणि मग त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट बसतं. ते बसण्याच्या आड येणारा एक पदार्थ असतो, पायरोफॉस्फेट, त्याला तोडणं हे ह्या एन्झाइमचं काम. रॉबर्ट रॉबिसननं १९२३ मध्ये हाडात हे एन्झाइम दाखवलं तेव्हापासून त्याचं नातं हाड कठीण होण्याशी जोडलेलं आहे. आता भरायलाच काही नाही म्हणल्यावर त्या पेशी काय करतात, थांबत नाहीत, त्या आणखी राबतात. सांगाडा घालत राहतात, एन्झाइम सोडत राहतात, सामान येईल ह्या आशेवर. रक्तात ३१२ दिसलं ते हे होतं. आईच्या हाडांतल्या पेशी रिकाम्या हातांनी राबत होत्या.

आई येळ्ळूरची. राजहंसगडाच्या पायथ्याची शेतं, भात, भात काढल्यावर मसूर-वाटाणा, आणि उन्हात दिवसभर भांगलण. लग्न होऊन शहापुरात आली तरी मागं परसू होतं, आंगण होतं, उन्हाळ्यात सांडगे, पापड, कुरडया, पावसाळ्यात तेवढं ऊन चुकायचं. बाबा गेल्यावर आम्हीच तिला टिळकवाडीत फ्लॅटमध्ये आणलं, तळमजला बघून घेतला, तिला जिने नकोत म्हणून. दोन इमारतींच्या मधला तळमजला. दुपारी बारालाही आत ट्यूबलाइट लावावी लागते. आम्ही तिच्या गुडघ्यांचा विचार केला आणि ऊन काढून घेतलं. वर्षभर ती सांगत होती, मांड्या नुसत्या दगड झाल्यात बघ, अंग दुखालंय, देवळात जाऊ वाटत नाही. आणि मी काय म्हणत होते, वय झालं आई, तेल लाव. कपिलेश्वरला ती दर सोमवारी जायची, ते बंद झालं तेव्हाही मला वाटलं कंटाळली असंल. मी, जिनं नळीतला पिवळा न चढलेला बघून परक्या माणसाच्या हाडांचं दुखणं ओळखलं होतं.

घरी आल्यावर तिला सगळं समजावून सांगितलं. हे लिव्हरचं नाही, काळजी नाही, हाडाचं आहे, औषधानं बरं होतंय. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मी सांगितलो की गं. वर्षभर तेच सांगालतो."

मला बोलता आलं नाही काही. तिच्या पुढ्यातला लसूण ओढून मी पण सोलायला बसले.

नंतरचं भराभर झालं. आठवड्याला एक मोठा डोस, रोजची कॅल्शियमची गोळी, आणि ऊन. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी गच्चीची किल्ली दिली. भाद्रपद संपता संपता पाऊस उघडला तशी रोज अकराच्या सुमाराला मी तिला हात धरून वर न्यायला लागले, तीन मजले, लिफ्ट नाही, प्रत्येक वळणावर थांबून. वर पोचलं की ती पहिल्यांदा पश्चिमेला बघते, तिकडं डोंगर दिसतात, ढग अजून अडकलेले असतात त्यांच्यात. मग पदर डोक्यावरनं मागं सारते आणि हात उघडे करून बसते. सहा आठवड्यांनी आकडा बघितला तर तो खाली यायच्या ऐवजी थोडा वरच गेलेला. दादाचा परत फोन. पण आता मला माहीत होतं, सामान मिळायला लागलं की त्या पेशी पहिल्यांदा आणखी जोरानं काम काढतात, उतरायला महिने लागतात. मी त्याला म्हणलं, अरे, बांधकाम चालू झालंय. तो गप्प झाला. मग म्हणाला, आईला दे फोन. दोघं बराच वेळ रताळ्यांबद्दल बोलले, ह्या वर्षी येळ्ळूरकडची रताळी कशी आहेत, पाठवता येतील का.

पौषात परत रक्त द्यायला गेलो. आई ह्या वेळी खरंच काही न खाता आली होती, चहासुद्धा नाही, आणि त्यामुळं जरा चिडलेली होती. तोच पोरगा होता. त्यानं तिला ओळखलं नाही, रोज शंभर माणसं बघतो, पण रबर बांधता बांधता चिठ्ठीवरची टेस्ट वाचली आणि विचारलं, "एल्लि नोवु, अज्जी?" कुठं दुखतंय. आईनं बाही वर सरकवली. उन्हानं दंड रापला होता, बाहीआडचा गोरा भाग आणि उघडा तांबूस भाग ह्यांच्यामध्ये बांगडीसारखी रेघ उठलेली.

"ईग कडिमि ऐति," ती म्हणाली, आता कमी आहे, आणि दुसऱ्या हातानं नडगीवर थोपटून त्याला जागा दाखवली.